परक्याचें सुतक

घरांत मृत्यु झाला असतां कोणीं किती दिवस सुतक पाळावें याचे नियम आपल्या धर्मशास्त्रानें फार बारकाईनें घालून दिले आहेत. सपिंडांस दहा दिवस, दूरच्या भाऊबंदांस तीन दिवस, आणि त्याहून लांबच्यांस केवळ स्नान, अशी नात्याच्या अंतराप्रमाणें शोकाचीहि मोजणी ठरलेली आहे. राजा किंवा एखादा राष्ट्रपुरुष निवर्तला म्हणजे सारी प्रजा शोक करते हें खरें. परंतु तेथेंहि पालक आणि पाल्य असें एक नातें असतें. ज्याच्याशीं रक्ताचा संबंध नाहीं, ज्याच्या घराचा उंबरठा कधीं ओलांडला नाहीं, ज्याचा शब्दहि कधीं कानीं पडला नाहीं, अशा माणसासाठीं हजारों लोकांनीं सुतक धरावें, ही कल्पना जुन्या शास्त्रकारांच्या मनांत येणें शक्यच नव्हतें. विसाव्या शतकानें जीं कांहीं नवीं नातीं जगांत आणलीं, त्यांतील हें एक नातें होय. तें किती बळकट असूं शकतें आणि किती आंधळें होऊं शकतें, याचें ठळक दर्शन न्यूयॉर्क शहरास इ. स. १९२६ च्या ऑगस्ट महिन्यांत घडलें. त्या महिन्याच्या २३ तारखेस रुडॉल्फ व्हॅलेंटिनो हा चित्रपटांतील नट वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं मरण पावला.

व्हॅलेंटिनोचा जन्म ता. ६ मे १८९५ रोजीं दक्षिण इटलींतील कास्टेलानेटा या लहानशा गांवीं झाला. त्याचे वडील जनावरांचे डॉक्टर होते व आई फ्रेंच वंशाची होती. मुलगा लहान असतांनाच वडील हिंवतापानें वारले. शाळेंत या मुलाचें चित्त फारसें रमलें नाहीं. शेतकीचें शिक्षण मात्र त्यानें घेतलें. पुढें दैव आजमावण्यासाठीं तो अमेरिकेची वाट धरून निघाला आणि १९१३ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क बंदरास लागला. तेथें त्यानें बागेंत माळीकाम केलें, उपहारगृहांत उष्टीं भांडीं घासलीं, आणि शेवटीं नृत्यगृहांत पैसे देणाऱ्या स्त्रियांबरोबर नाचण्याची नोकरी पत्करली. परमुलुखांतून आलेल्या, सांवळ्या वर्णाच्या इटालियन मजुरांविषयीं त्या काळच्या अमेरिकेंत मोठासा आदर नव्हता. त्यांतून हा तर नाचून पोट भरणारा! पुढें वैभवाच्या दिवसांतहि ही गोष्ट त्याच्या निंदकांनीं त्याला विसरूं दिली नाहीं.

त्याचें नशीब उघडलें तें १९२१ सालीं. ब्लास्को इबान्येझ या स्पॅनिश कादंबरीकाराच्या महायुद्धावरील कादंबरीचा चित्रपट निघावयाचा होता. त्याची पटकथा लिहिणाऱ्या जून मॅथिस या बाईंनीं हट्ट धरून या अप्रसिद्ध नटास मुख्य भूमिका मिळवून दिली. त्या चित्रपटांतील त्याचें टँगो नृत्य पाहून प्रेक्षकवर्ग वेडावून गेला. त्याच वर्षीं ‘दि शेख’ हा चित्रपट आला, आणि परवांपर्यंत कोणी न ओळखणारा हा माणूस घरोघरीं ठाऊक झाला. पुढील पांच वर्षांचा त्याचा इतिहास म्हणजे भरतीओहोटीचा खेळच होता. चित्रपट कंपनीशीं त्याचें भांडण झालें; पडद्यावरील काम कांहीं काळ बंद पडलें, तेव्हां सौंदर्यप्रसाधनाच्या जाहिरातीसाठीं गांवोगांव नाचत हिंडून त्यानें दिवस काढले. एक विवाह मोडला. दुसरा कायद्याच्या मुदतीपूर्वींच केल्यामुळें त्याला अटक झाली, आणि कालांतरानें तोहि मोडला. मिळकत अफाट असली तरी खर्च तिच्याहून अफाट होता.

हें सर्व मूकपटांच्या युगांत घडत होतें, हें ध्यानांत ठेवावयास पाहिजे. ज्या लक्षावधि लोकांनीं त्याला आपलें मानलें त्यांपैकीं बहुतेकांनीं त्याचा आवाज कधींहि ऐकला नव्हता. ही उणीव वाटली तरी तेंच त्याचें सामर्थ्य होतें. रंगभूमीवरील नट कितीहि गुणी असला तरी तो एका भाषेचा असतो, व एका रात्रीं एकाच नाट्यगृहांत उभा असतो. पडद्यावरील मुका नट एकाच रात्रीं शेंकडों गांवीं असतो आणि कोणत्याहि भाषेचा नसतो. म्हणूनच तो सर्वांच्या भाषेचा होतो. त्याच्या ओठांच्या हालचालींत प्रत्येक जण आपल्या मनांतील शब्द घालतो. दिवसभर कारखान्यांत किंवा कचेरींत खपलेली एखादी मुलगी अंधारांत त्या पडद्यासमोर बसे, तेव्हां तो तिच्याशीं तिच्याच भाषेंत बोलत असे.

परंतु ज्या गुणांमुळें स्त्रियांचें मन त्याच्याकडे ओढलें गेलें त्याच गुणांमुळें पुष्कळ पुरुषांच्या मनांत त्याच्याविषयीं अढी बसली. त्याच्या मृत्यूपूर्वीं जेमतेम पांच आठवडे, म्हणजे ता. १८ जुलै १९२६ रोजीं, ‘शिकागो ट्रिब्यून’ या बड्या वृत्तपत्रांत एक बिनसहीचा अग्रलेख आला. शिकागोंतील एका नव्या नृत्यगृहांत पुरुषांसाठीं चेहऱ्यास लावावयाच्या गुलाबी पावडरीचें यंत्र बसविलें होतें. त्याचें निमित्त करून लेखकानें अमेरिकन पुरुषांच्या बायकीपणाचें सारें पाप व्हॅलेंटिनोच्या माथीं मारलें. हा घाव त्याच्या जिव्हारीं लागला. प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांतून त्यानें त्या अनामिक लेखकास मुष्टियुद्धाचें वा कुस्तीचें जाहीर आव्हान दिलें. कोणीहि पुढें आलें नाहीं. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्यें प्रसिद्ध टीकाकार एच. एल. मेंकेन यांच्याकडे त्यानें सल्ला मागितला. मेंकेन हे कोणाची भीडभाड न धरणारे, लोकप्रिय दैवतांची यथेच्छ टर उडविणारे गृहस्थ. पण पुढें त्यांनीं या भेटीविषयीं जो लेख लिहिला त्यांत थट्टेपेक्षां करुणाच अधिक आहे. सर्व जगाला हेवा वाटावा अशा त्या तरुणाच्या ठिकाणीं त्यांना एक सुसंस्कृत आणि अत्यंत दुःखी मनुष्य दिसला.

ता. १५ ऑगस्ट रोजीं न्यूयॉर्कमधील अँबॅसेडर हॉटेलांत व्हॅलेंटिनो एकाएकीं कोसळला. त्याला पॉलिक्लिनिक रुग्णालयांत नेऊन त्याच दिवशीं शस्त्रक्रिया करण्यांत आली. पोटांतील व्रण फुटून छिद्र पडलें होतें, आणि दुखण्याचीं लक्षणें मात्र आंत्रपुच्छदाहासारखीं होतीं. व्रणाचें दुखणें अशा रीतीनें आंत्रपुच्छाच्या दुखण्याचें सोंग घेऊन येतें तेव्हां वैद्यकशास्त्रांत त्याला आजहि व्हॅलेंटिनोचेंच नांव देतात. शुद्धीवर आल्यावर आपण बायकीपणानें वागलों कीं मर्दासारखे, असें त्यानें डॉक्टरांस विचारल्याचें सांगतात. पुढें उदराच्या आवरणाचा दाह सुरू झाला. मधले दोनतीन दिवस प्रकृति सुधारतेसें वाटलें. परंतु २१ तारखेस फुप्फुसाच्या आवरणासहि सूज आली आणि आशा संपली. जंतूंचा फैलाव थोपविणारें पेनिसिलिन अद्याप जगास ठाऊक नव्हतें. त्याचा शोध लागावयास आणखी दोन वर्षें होतीं. २३ तारखेस दुपारीं बाराच्या सुमारास त्यानें प्राण सोडला. त्या वेळीं त्याच्या रक्ताचें एकहि माणूस उशाशीं नव्हतें. भाऊ व बहीण इटलींत होतीं. विभक्त झालेली पत्नी युरोपांत होती. शास्त्राप्रमाणें ज्यांना सुतक यावयाचें ते सारे समुद्रापलीकडे होते, आणि अलीकडे रुग्णालयाच्या दाराशीं परक्यांची रीघ लागली होती.

दुसऱ्या दिवशीं ब्रॉडवे आणि सहासष्टावा रस्ता यांच्या नाक्यावरील अंत्यविधि-गृहांत त्याचा देह दर्शनार्थ ठेवण्यांत आला. पाऊस पडत होता, तरी सकाळपासून रस्ते माणसांनीं फुलून गेले. न्यूयॉर्कमध्यें लोटलेला हा जमाव एक लाखाच्या घरांत होता असें सामान्यतः मानतात. रेटारेटी इतकी झाली कीं त्या इमारतीच्या दर्शनी भागांतील मोठी काच फुटली. घोडेस्वार पोलिसांनीं गर्दीवर घोडे घातले. अनेक जण जखमी झाले. ओल्या रस्त्यांवर टोप्या, छत्र्या आणि पादत्राणें यांचा खच पडला. आंत पोहोंचलेल्यांपैकीं कांहींनीं फुलें व शोभेच्या वस्तु आठवण म्हणून उचलून नेल्याचेंहि वृत्त आलें. अखेर त्याचे व्यवस्थापक जॉर्ज उलमन यांनीं सार्वजनिक दर्शन बंद करविलें. दर्शनासाठीं आलेल्या लोकांपासूनच मृताचें रक्षण करण्याची पाळी आली होती.

या प्रसंगाची वार्ता ऐकून तेव्हांच्या विचारी लोकांनीं कपाळास हात लावला. त्यांच्या उद्वेगास एक सबळ कारणहि होतें. व्हॅलेंटिनोच्या आदल्याच दिवशीं चार्ल्स इलियट हे वयोवृद्ध शिक्षणतज्ज्ञ वारले होते. १८६९ पासून १९०९ पर्यंत सतत चाळीस वर्षें त्यांनीं हार्वर्ड विद्यापीठाचें अध्यक्षपद भूषविलें होतें, आणि अमेरिकेंतील उच्च शिक्षणाचा पायाच नव्यानें घातला होता. त्यांच्यासाठीं कोणाच्या खिडकीची काच फुटली नाहीं. वृत्तपत्रांत नटाच्या मृत्यूपुढें त्यांचा मृत्यु झांकून गेला. ज्यानें विद्या दिली त्याला चार ओळी आणि ज्यानें करमणूक केली त्याला चार पानें, हा कोणता न्याय, असा प्रश्न सुशिक्षितांस पडणें साहजिक होतें.

तथापि या प्रश्नांत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. आदर हा योग्यतेस मिळतो. शोक हा सहवासाच्या तुटण्यानें होतो. इलियट यांच्या विद्यार्थ्यांस त्यांच्याविषयीं नितांत आदर होता, पण नव्वदी ओलांडलेला पुरुष कृतार्थ होऊन गेला म्हणजे अंतःकरणास धक्का बसत नाहीं. उलट व्हॅलेंटिनोचा सहवास, मग तो सावलीचा का असेना, लोकांना दर आठवड्यास घडत होता. त्याचा नवा चित्रपट त्याच उन्हाळ्यांत पडद्यावर आला होता. मेलेला माणूस त्याच गांवांत, त्याच सायंकाळीं, पडद्यावर घोडा फेंकीत आणि हंसत होता. डोळ्यांस जिवंत दिसतो आणि बुद्धि सांगते कीं तो गेला, असा हा विलक्षण अनुभव मनुष्यजातीस फार जुना नव्हता. त्या अनुभवानें कांहींचीं मनें बधिर झालीं असतील तर त्यांस केवळ वेडीं म्हणून मोकळें होणें योग्य नव्हे.

शिवाय जमाव म्हणजे एक माणूस नव्हे. त्या पावसांत उभ्या असलेल्या लोकांची नीट फोड केली तर तीन वर्ग दिसतात. पहिला बघ्यांचा. आग लागली तरी तो धांवतो आणि वरात आली तरी धांवतो. काच फुटते ती बहुधा त्याच्याच रेट्यानें. दुसरा वर्ग खरोखर दुःखी असलेल्यांचा. त्यांत परमुलुखांत मजुरी करणारे इटालियन होते, ज्यांच्या दृष्टीनें हा आपल्यांतलाच एक मुलगा होता. आणि ज्या नटाची देशभर टवाळी झाली त्याची आवड आपल्याला आहे म्हणून स्वतःहि टवाळी सोसलेल्या स्त्रिया होत्या. अग्रलेखास उत्तर देण्याचें सामर्थ्य त्यांच्यापाशीं नव्हतें. रस्त्यांत येऊन उभें राहणें हेंच त्यांचें उत्तर होतें.

तिसरा वर्ग व्यापाऱ्यांचा, आणि या कथेंतील खरें लाजिरवाणें प्रकरण त्याचें आहे. शवपेटीभोंवतीं काळे सदरे घातलेले फॅसिस्ट पहारेकरी उभे राहिले, आणि ते मुसोलिनीच्या वतीनें आल्याचा बोभाटा झाला. फॅसिस्टविरोधी इटालियनांनीं त्यास हरकत घेतली, त्यामुळें प्रेताजवळच राजकीय तंटा उभा राहिला. पुढें उघड झालें तें असें कीं हा सारा देखावा अंत्यविधि-गृहाच्या प्रसिद्धीसाठीं रचलेला होता. यांतील विपर्यास असा कीं अमेरिकेचें नागरिकत्व मागितल्याबद्दल याच व्हॅलेंटिनोवर फॅसिस्ट इटलींत त्याच्या अखेरच्या वर्षांत रोष झाला होता. वृत्तपत्रेंहि मागें राहिलीं नाहींत. विषप्रयोगाच्या कंड्या पिकल्या. ‘ईव्हनिंग ग्राफिक’ नांवाच्या सनसनाटी पत्रानें तर कात्रणें चिकटवून बनविलेलीं खोटीं छायाचित्रें छापण्याचा प्रघातच पाडला होता. त्यानें पुढें स्वर्गांत व्हॅलेंटिनो आणि १९२१ सालीं वारलेला गायक कारुसो यांची भेट झाल्याचें चित्रहि वाचकांस दाखविलें! पोला नेग्री ही पोलिश नटी कॅलिफोर्नियाहून धांवत आली. तिनें पाठविलेल्या फुलांच्या चादरींत तिचेंच नांव गुंफलेलें होतें, आणि छायाचित्रकारांसमोर तिला मूर्च्छा आली. आपला त्याच्याशीं विवाह ठरला होता असें तिनें सांगितलें. लोक हंसले. पण जिचा धंदाच मनोविकार दाखविण्याचा, तिनें खरें दुःख तरी दुसऱ्या कोणत्या भाषेंत दाखवावयाचें, हाहि विचार करण्यासारखा आहे.

ता. ३० ऑगस्ट रोजीं न्यूयॉर्कमधील नटांचें म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेंट मालाकीच्या चर्चमध्यें प्रार्थना झाली. भाऊ समुद्रमार्गें येऊन पोहोंचेपर्यंत तेथील विधि उरकले होते. दहा दिवसांचा अधिकारी सर्वांच्या मागून आला. नंतर त्याच्या सोबतीनें शव आगगाडीनें देशाच्या दुसऱ्या टोंकास गेलें, आणि सप्टेंबरच्या ७ तारखेस बेव्हर्ली हिल्स येथें पुन्हां विधि होऊन हॉलिवुडच्या स्मशानभूमींत तें ठेवण्यांत आलें. ज्याच्यासाठीं लाखभर लोक रस्त्यांत लोटले त्याला स्वतःच्या मालकीची पुरण्यापुरती जागाहि नव्हती. त्याला जागा दिली ती त्याच जून मॅथिस बाईंनीं, ज्यांनीं पांच वर्षांपूर्वीं त्याला पहिली मोठी भूमिका मिळवून दिली होती. ती जागा तात्पुरती म्हणून दिलेली होती. दुसऱ्याच वर्षीं, १९२७ च्या जुलै महिन्यांत, त्या बाईहि अकस्मात् वारल्या, आणि त्यांनाहि त्याच्या शेजारींच ठेवण्यांत आलें. नटाच्या मागें कर्ज राहिलें होतें; डिसेंबरांत त्याच्या वस्तूंचा लिलांव झाला. मृत्यूमुळें शेवटच्या चित्रपटावर लोकांच्या उड्या पडल्या आणि त्या उत्पन्नानें कर्जाचा भार हलका होण्यास मदत झाली.

मूकपट गेले, बोलपट आले, आणि त्यांच्या मागून दूरचित्रवाणीनें तर नटाला थेट दिवाणखान्यांत आणून बसविलें. अंधाऱ्या चित्रगृहांत आठवड्यास एकदां घडणारी भेट आतां रोजची झाली. जेवणाच्या पानावर बसलेलें कुटुंब ज्याला रोज पाहतें तो घरचा होणार नाहीं तर काय? याचा प्रत्यय मुंबई शहरास ता. २ सप्टेंबर २०२१ रोजीं आला. त्या दिवशीं सकाळीं सिद्धार्थ शुक्ला हा मुंबईंतच जन्मलेला नट वयाच्या चाळिसाव्या वर्षीं अकस्मात् वारला. ‘बालिका वधू’ या मालिकेनें तो घरोघरीं पोहोंचला होता, आणि आदल्याच वर्षीं ‘बिग बॉस’च्या तेराव्या पर्वाचा तो विजेता ठरला होता. बातमी पसरतांच कूपर रुग्णालयाबाहेर आणि दुसऱ्या दिवशीं ओशिवऱ्याच्या स्मशानाबाहेर लोकांची दाटी झाली. तो काळ महामारीचा होता. तरी तरुण मुलें आणि मुली रडत उभ्या होत्या. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे शोकाकुल आप्तांच्या चेहऱ्यांपर्यंत भिडले, आणि त्याबद्दल चित्रपट व मालिकांच्या क्षेत्रांतील सहकाऱ्यांनींच त्यांना उघडपणें दोष दिला. पंचाण्णव वर्षांत यंत्रें बदललीं होतीं. बघे, दुःखी आणि व्यापारी हे तीन वर्ग मात्र जागच्या जागीं होते.

तरीहि या दुसऱ्या कथेंत एक गोष्ट निराळी घडली, व ती नमूद करण्यासारखी आहे. कुटुंबानें पत्रक काढून सर्वांचे आभार मानले, पोलिसांच्या सहृदयतेचा उल्लेख केला, आणि आम्हांस एकांतांत शोक करूं द्या अशी विनंति केली. त्याचबरोबर ६ तारखेस जी प्रार्थनासभा झाली ती दूरस्थ यंत्रांच्या साह्यानें चाहत्यांसाठींहि खुली ठेवण्यांत आली. म्हणजे घराचें दार लावून घेतलें, पण परक्यांसाठीं एक खिडकी उघडी ठेवली. कोणाची काच फोडावी लागली नाहीं, आणि कोणाचें दुःख खोटेंहि ठरविलें गेलें नाहीं.

परक्याच्या सुतकाचे नियम कोणत्याहि स्मृतींत सांपडावयाचे नाहींत. परंतु या दोन मृत्यूंच्या इतिहासावरून त्यांतला पहिला नियम तरी सहज काढतां येईल. जुन्या सुतकांत जवळच्यांनीं घरांत बसावें आणि लांबच्यांनीं दारावरून विचारपूस करून परतावें, अशी रीत होती. नव्या सुतकांतहि परतण्याची ती वाट मोडतां कामा नये. शोक खरा असेल तर त्याला शवपेटीस हात लावण्याची गरज पडत नाहीं.

हॉलिवुडच्या त्या स्मशानभूमींत दर वर्षीं २३ ऑगस्ट रोजीं, व्हॅलेंटिनोचा प्राण गेला त्याच वेळीं, म्हणजे दुपारीं बारा वाजून दहा मिनिटांनीं, स्मरणसभा भरते. काळीं वस्त्रें परिधान करून फुलें घेऊन येणाऱ्या एका अनोळखी स्त्रीची कथा तेथें अनेक वर्षें गाजली, आणि तिच्यामागून तशा अनेक स्त्रिया आल्या. आज तेथें जमणाऱ्यांपैकीं बहुतेकांचा जन्म त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनीं झालेला आहे. ते येतात, थोडा वेळ शांतपणें बसतात, फुलें ठेवतात आणि निघून जातात. १९२६ सालच्या त्या पावसाळी दिवशीं ब्रॉडवेवर जें जमलें नाहीं, तें त्यांना जमलें आहे.